धीर न सोडणारे कर्मवीर दादासाहेब गायकवाड

उपासक-उपासिकांनो, सातबाऱ्यासाठी, जातीच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालून आपल्यापैकी कुणाचे पाय दुखले नाहीत? आज साहेब नाहीत, उद्या या, असं ऐकून माणूस कावतो. अशा वेळी आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील एका थोर पुरुषाचे स्मरण करावे.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी झाला. पुढे ते बाबासाहेबांचे विश्वासू सहकारी झाले. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा सत्याग्रह समितीचे चिटणीस दादासाहेबच होते. हजारोंचा मोर्चा आला आणि देवळाचे दरवाजे बंद झाले. मग आपल्या आयाबहिणी आणि बापये तुकड्या-तुकड्यांनी दारात बसू लागले. त्या रामनवमीला रथ दोघांनी मिळून ओढायचा असं ठरलं होतं. ऐन वेळी रथ पळवला गेला, वर दगडफेक झाली. गावोगाव आपल्या लोकांचा छळ झाला. दादासाहेब तुरुंगात गेले. तरी चार वर्षं त्यांनी लोकांचा धीर सुटू दिला नाही.

१९३४ साली बाबासाहेबांनी त्यांना सत्याग्रह आवरता घ्यायला कळवलं. दार काही उघडलं नव्हतं. मग ती वर्षं फुकट गेली का? नाही! अपमान गिळून एकजुटीनं उभं राहायला माणसं तिथंच शिकली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, आणि २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात धम्मदीक्षा झाली. दादासाहेबही बुद्धाला शरण गेले.

दहा पारमितांमध्ये क्षांती ही एक पारमिता आहे. क्षांती म्हणजे मुकाट सोसणं नव्हे. मनात द्वेष न ठेवता, हाती घेतलेलं न सोडणं म्हणजे क्षांती. दादासाहेबांची धम्मावरची श्रद्धा अशी कामातून दिसली. १९५७ साली ते लोकसभेत गेले, पुढं राज्यसभेत. पण त्यांचं मन भूमिहीनांपाशीच राहिलं. ६ डिसेंबर १९६४ पासून त्यांच्या नेतृत्वाखाली देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. लाखांवर माणसं तुरुंगात गेली. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचं तैलचित्र लावा, बौद्ध झालेल्यांनाही सवलती द्या, अशा त्या मागण्या होत्या.

२९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेब गेले. बाबासाहेबांचं तैलचित्र सभागृहात लागलं ते १९९० साली. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या त्याही १९९० सालीच. दोन्ही गोष्टी पाहायला ते नव्हते. २००४ पासून भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची सरकारी योजना आली, तिला त्यांचंच नाव दिलं गेलं.

तेव्हा बंधू-भगिनींनो, हेलपाटा वाया गेला म्हणून घरी बसू नका. कुणाला शिव्याशाप देऊ नका. अर्जाची पोच जपून ठेवा, आणि पुन्हा जा. जाताना पोरांनाही सोबत न्या, म्हणजे तीही शिकतील.

नमो बुद्धाय! जयभीम!