दर्यावीर नेल्सन

इंग्लंडांतील बर्नहॅम थॉर्प ह्या खेड्यांत, एका धर्मोपदेशकाच्या घरीं, ता. २९ सप्टेंबर १७५८ रोजीं होरेशिओ नेल्सनचा जन्म झाला. नवव्या वर्षीं तो मातृसुखास अंतरला आणि बारा वर्षांचा असतां मामाच्या जहाजावर चाकरीस लागला. त्याची प्रकृति नाजूक होती. समुद्र लागण्याची व्याधि तर त्यास जन्मभर सुटली नाहीं.

आपल्या मुंबईशींही त्याचा संबंध आला होता. १७७५ सालीं कंपनीचा पैसा घेऊन मुंबईकडे निघालेल्या सीहॉर्स जहाजावर तो होता. वाटेंत हैदरअल्लीच्या दोन गलबतांशीं चकमक उडाली. तीच त्याची पहिली लढाई. पुढें हिंवतापानें जर्जर होऊन तो स्वदेशीं परतला. १७९४ सालीं कॅल्व्ही येथें त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टि गेली. १७९७ सालीं टेनेरिफ येथें उजवा हात गेला. तरी त्यानें दर्या सोडिला नाहीं.

त्या काळीं जहाजें वाऱ्यावर चालत आणि तोफा त्यांच्या दोन्ही बाजूंस असत. म्हणून आरमारें समांतर रांगा धरून लढत, व पुष्कळदां निकाल लागत नसे. ता. २१ ऑक्टोबर १८०५ रोजीं ट्रफाल्गारच्या भूशिराजवळ फ्रान्स व स्पेन यांचीं ३३ जहाजें नेल्सनच्या २७ जहाजांसमोर उभीं ठाकलीं. त्यानें आपल्या आरमाराच्या दोन ओळी करून त्या शत्रूच्या रांगेंत सरळ घुसविल्या. ह्यांत धोका मोठा होता. वारा मंद; पुढील जहाजांस उत्तर न देतां मारा सोसणें भाग होतें. परंतु रांग फुटतांच शत्रूच्या उघड्या पिछाडींतून गोळे आरपार जाऊं लागले. शत्रूचीं १८ जहाजें पकडलीं गेलीं वा नष्ट झालीं. इंग्रजांचें एकही गेलें नाहीं. नेल्सन मात्र बंदुकीच्या गोळीनें घायाळ होऊन, विजयाची वार्ता ऐकल्यावर मरण पावला.

त्याचें चरित्र निष्कलंक नव्हे. १७९९ सालीं नेपल्स येथें काराचोलो नांवाच्या आरमारी सेनापतीस त्यानें चौकशीच्याच दिवशीं फांशी देवविलें, हें आम्हांस विसरतां येत नाहीं. परंतु लढाईपूर्वीं सर्व कप्तानांस बोलावून त्यानें आपला बेत समजावून दिला होता. म्हणून धुरांत निशाणें दिसेनाशीं झालीं तरी प्रत्येकास आपलें काम ठाऊक होतें. धैर्याबरोबर सोबत्यांवरील हा विश्वासही आमच्या विद्यार्थ्यांनीं त्याजपासून घ्यावा.