बुडखा, साखळी आणि आर्किमिडीज

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. माझं मराठी घरात बोलण्यापुरतं. मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी पळच काढणार होते. पण एक प्रश्न दहावीपासून डोक्यात अडकून बसलाय आणि तो मला मराठीतच विचारला गेला होता. म्हणून हा प्रयत्न. शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्या.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं. माझ्या आजीचं घर त्याच पट्ट्यात. कौलं उडाली, सुपाऱ्या आडव्या झाल्या आणि परसातला जुना फणस कमरेतून मोडला. लाकूड कापून नेलं, पण बुडखा तसाच राहिला, तोही नेमका विहिरीच्या वाटेत. आजी दोनदा ठेचकाळली. पाखाडी इतकी अरुंद की जेसीबी आत येईना. शेवटी दिवाळीत दोन माणसं चेन पुली घेऊन आली. तीन जाड वाशांची तिवई उभी केली, पुली टांगली, मुळं कुऱ्हाडीने तोडली आणि बुडख्याला साखळी आवळली. मग त्यातले वयस्कर काका एकटेच साखळी ओढू लागले. हातभर साखळी खाली यायची तेव्हा बुडखा बोटभरही हलायचा नाही. पण अर्ध्या तासात तो अधांतरी लटकत होता! काकांनी साखळी सोडली आणि चहा प्यायला बसले. तरी बुडखा खाली आला नाही. त्यांनी मला सहज विचारलं, की तू एवढी शिकतेस, तर हा पडत का नाही ते सांग.

विज्ञानात मला ९६ मार्क होते. उत्तर आलं नाही.

पुढे इंजिनिअरिंगला आले. फर्स्ट इयरला मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये आपल्या सगळ्यांचा लाडका सिंगल पर्चेस क्रॅब भेटला. आपण सगळे काय करतो? सीनियरच्या जर्नलमधून रीडिंग उतरवतो. मीही उतरवली. व्हायवात सरांनी विचारलं, की भार आपोआप खाली येईल का. मला परसातला बुडखा दिसला आणि पुन्हा तोंड बंद! त्या दिवशी लाज वाटून लायब्ररीत गेले आणि या सगळ्या यंत्रांच्या आजोबांना शोधून काढलं. त्यांचं नाव आर्किमिडीज.

आंघोळीच्या टबातली गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती मी सोडून देते. आर्किमिडीजचा जन्म इ. स. पूर्व २८७ च्या सुमारास सिसिली बेटावरच्या सिराक्यूज या ग्रीक शहरात झाला. वडील फिडियस खगोलशास्त्रज्ञ होते. राजा हिएरोन दुसरा याच्याशी घराण्याचे जवळचे संबंध होते. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियातल्या विद्वानांशी त्याचा पत्रव्यवहार चाले. तरफेचा नियम त्याने भूमितीसारखा पायरी पायरीने सिद्ध केला. वजन गुणिले अंतर दोन्ही बाजूंना सारखं झालं की तोल साधतो. आपण मोमेंट म्हणून जे लिहितो ते हेच.

हिएरोनला मात्र कागदावरचं पुरेसं नव्हतं. थोडी ताकद लावून प्रचंड वजन हलवता येतं हे करून दाखव, असं त्याने सांगितलं. प्लुटार्कने लिहिलेली हकिगत अशी. राजाच्या ताफ्यातलं तीन डोलकाठ्यांचं जहाज माणसं आणि माल भरून तयार ठेवलं. एरवी ते ओढायला माणसांची फौज लागायची. आर्किमिडीज लांब बसला आणि अनेक कप्प्यांतून ओवलेला दोर शांतपणे हाताने ओढू लागला. जहाज पाण्यावरून सरकावं तसं त्याच्याकडे येऊ लागलं. हे वाचताना मला आमचे काका दिसले.

यात जादू काही नाही. एकाच वजनाला दोराचे पाच पदर धरून असले तर प्रत्येक पदरावर पाचवा हिस्सा येतो. पण वजन एक हात हलवायला दोर पाच हात ओढावा लागतो. जेवढी ताकद वाचली तेवढं अंतर वाढलं. फुकट काहीच मिळत नाही, उलट थोडं घर्षणात जातं. जर्नलमध्ये आपली एफिशिअन्सी कधीच शंभर येत नाही ती यामुळे. (कुणाची आली असेल तर ती उतरवलेली आहे, हे सर ओळखतात.)

हिएरोन इ. स. पूर्व २१५ मध्ये वारला. सिराक्यूजने रोमची साथ सोडून कार्थेजचा हात धरला आणि रोमन सेनापती मार्सेलस आरमार घेऊन आला. आर्किमिडीज तेव्हा सत्तरी ओलांडलेला म्हातारा होता. त्याची यंत्रं तटावर चढवली गेली. तटाबाहेर लांब तुळया झुकायच्या, लोखंडी पंजा जहाजाचं टोक पकडायचा, दुसऱ्या बाजूने तुळई खाली खेचली की जहाज उभं उचललं जायचं, आणि मग पंजा सुटायचा. शेवटी मार्सेलसने हल्ले थांबवून नुसता वेढा धरला. इ. स. पूर्व २१२ मध्ये, लोक देवीच्या उत्सवात असताना, रोमन शिड्या लावून आत शिरले. सेनापतीला आर्किमिडीज जिवंत हवा होता असं म्हणतात. पण एका सैनिकाने त्याला मारलं.

त्याच्या कबरीवर दंडगोल आणि त्यात नेमका मावणारा गोल कोरला होता. गोलाचं घनफळ दंडगोलाच्या दोन तृतीयांश असतं, हा त्याचा आवडता शोध. पुढे शहर कबर विसरलं. इ. स. पूर्व ७५ मध्ये सिसरोने कोयते घेतलेली माणसं पाठवून झुडपं तोडली तेव्हा ती सापडली.

आता माझ्या मनातली खरी गोष्ट. प्लुटार्क म्हणतो, की आर्किमिडीजला यंत्रं कमी दर्जाची वाटत आणि म्हणून त्याने त्यांच्यावर एकही पुस्तक लिहिलं नाही. हे वाचून मी खट्टू झाले. म्हणजे हाताला ग्रीस लागणं तेव्हाही कमीपणाचंच? पण प्लुटार्क तीनशे वर्षांनंतरचा. १९०६ मध्ये हायबर्ग या डॅनिश अभ्यासकाला इस्तंबूलमध्ये एक जुनी प्रार्थनेची पोथी दिसली. तिच्या चर्मपत्रांवरचा आधीचा मजकूर खरवडून वर प्रार्थना लिहिल्या होत्या. खालची पुसट अक्षरं आर्किमिडीजची होती! त्यात त्याने एराटोस्थेनिसला लिहिलेलं एक पत्र आहे. त्यात तो मोकळेपणाने कबूल करतो, की काही उत्तरं त्याला आधी यांत्रिक पद्धतीने दिसली आणि सिद्धता नंतर दिली. गोलाचे पातळ काप मनातल्या मनात तराजूच्या दांडीला टांगून त्याने ते घनफळ शोधलं. म्हणजे ज्या शोधाचा त्याला सर्वांत अभिमान, तोसुद्धा तराजूतून आला. पुढे ही पोथी १९९८ मध्ये २० लाख डॉलरला विकली गेली आणि एक्स-रे वापरून तिची आणखी पानं वाचली गेली.

गेल्या मे महिन्यात आजीकडे गेले तेव्हा मुद्दाम त्या काकांना भेटले. बुडखा का पडला नाही ते सांगितलं. चेन पुलीच्या आत ब्रेकच्या चकत्या असतात, भाराच्या ओढीनेच त्या एकमेकींवर आवळल्या जातात, आणि जर्नलमध्ये आपण ज्याला लॉस म्हणतो तेच घर्षण वजन धरून ठेवतं. मला वाटलं, काका खूश होतील. ते हसले आणि पुली उघडून माझ्यासमोर ठेवली. गिअरला ते तेल देत होते, पण चकत्यांना तेलाचं बोटसुद्धा लागू देत नव्हते. त्यांना हे तीस वर्षांपासून माहीत होतं. फक्त कारण मराठीत कुणी सांगितलं नव्हतं आणि मला कारण येत असून चकती कधी पाहिली नव्हती.

त्या दुपारी मी पहिल्यांदा एक चेन पुली स्वतः उघडली आणि परत जोडली. जोडताना एक पिन उरली. काकांनी न बोलता ती जागेवर बसवली.

ज्युनियर्सना एवढंच सांगते, क्रॅबची रीडिंग स्वतः घ्या. माझं जर्नल मागू नका, ते चुकीचं आहे.

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)