डॉ. आंबेडकर व भूगर्भातील मजूर

मोशेच्या नियमशास्त्रात एक लहानसा नियम आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात तो सापडतो. जो कोणी नवे घर बांधील त्याने धाब्याला कठडा करावा. तो न केल्यामुळे वरून पडून कोणी मेला तर त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा त्याचा भावार्थ आहे. वाचकहो, यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पडणाराने सावध का राहिले नाही, असे हा नियम विचारीत नाही. घर बांधणाराने आधीच कठडा का केला नाही, असे तो विचारतो.

आम्हा लातूर-नांदेडकडील लोकांस धाबे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आमची माळवदे ती हीच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व आसपासच्या गावांत हीच माळवदे आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या व हजारो जीव गेले. आमचे तेव्हा शाळेत जाण्याचे वय होते. ढिगाऱ्याखाली मनुष्य जिवंत असावा, आणि त्याला बाहेर कसे काढावे हे वर उभे असलेल्यांस ठाऊक नसावे, यासारखे दुःख नाही. हे दुःख ज्यांच्या वाट्यास रोजच येण्याचा संभव असतो असा एक वर्ग आहे; तो म्हणजे खाणीतील मजूर. त्यांच्यासाठी कठडा बांधण्याच्या कामी आपल्याच महाराष्ट्रातील एका पुरुषाने जो हातभार लावला, त्याची हकीकत आज आम्ही सांगणार आहो.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील रामजी सैन्यात सुभेदार असून कबीरपंथी होते. घरात भजन व वाचन चालत असे. मातोश्री भीमाबाई लहानपणीच निवर्तल्या. महार जातीत जन्म झाल्यामुळे शाळेत बसावयास निराळी जागा व पाण्यास स्वतः शिवण्याची बंदी, हे त्यांनी सोसले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, १९१२ साली मुंबईस बी. ए. झाले, आणि बडोद्याच्या गायकवाड महाराजांच्या साहाय्याने १९१३ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनलाही त्यांनी अध्ययन केले. महाडच्या तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, नाशिकच्या काळाराम मंदिराचा १९३० चा. या गोष्टी आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या असतील. त्या येथे विस्ताराने सांगत नाही.

मजुरांचे दुःख त्यांनी पुस्तकातून शिकले नव्हते. परळच्या चाळीत गिरणीकामगारांच्या शेजारी ते राहिले. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांस विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, आणि अस्पृश्याच्या ओठांस लागलेला धोटा दुसरा कामगार हाती धरीत नसे. अधिक मजुरीचे काम अशा रीतीने त्यांना बंद होते. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. कोकणातील खोतीविरुद्ध त्यांनी कायदेमंडळात विधेयक आणले, आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारांचा संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईत जो मोठा संप झाला त्याचे ते एक पुढारी होते.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. गिरणी, रेल्वे, गोदी व खाणी यांतील मजुरांविषयीचा कारभार त्यांच्या हाती आला. तो महायुद्धाचा काळ होता. आगगाड्या, पोलादाचे कारखाने, सारे कोळशावर चाले, आणि कोळशाचा तुटवडा पडला होता.

खाण कशी असते हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जमिनीखाली कोळशाचा थर असतो. त्यात बोगदे खोदीत जातात व वरचे छत तोलण्यासाठी मध्ये कोळशाचेच खांब सोडतात. पुढे लोभाने किंवा गरजेने ते खांबही काढले म्हणजे छत खाली येते. कोळशातून एक वायू निघतो. त्यास ठिणगी लागली तर स्फोट होतो, आणि कोळशाची बारीक धूळ त्या स्फोटास बोगद्याबोगद्यांतून पुढे नेते. जुन्या, सोडलेल्या खाणीत पाणी साचते. मधली भिंत पातळ राहिली तर ते पाणी चालू खाणीत शिरते. १९३६ च्या डिसेंबरात बंगालमधील पोईडीह खाणीत स्फोट होऊन २०९ माणसे मेली. त्यानंतर सरकार जागे झाले. १९३९ साली कायदा झाला की, पोकळ झालेल्या जागा वाळूने भराव्यात व त्या खर्चासाठी कोळशावर कर घ्यावा. त्याच साली बचावाविषयीचे नियमही झाले. झरिया व राणीगंज येथे बचावकेंद्रे निघाली. तेथे निवडक मजुरांस नाकातोंडास श्वासाचे यंत्र लावून धुरात व विषारी वायूत शिरण्याचे, छताला टेकू देण्याचे व बेशुद्ध माणसास उचलून आणण्याचे शिक्षण मिळू लागले. धैर्य तर पुष्कळांच्या अंगी असते. परंतु अशिक्षित धैर्याने विषारी वायूत उतरणारा मनुष्य बहुधा दुसरे प्रेत होतो. आमच्याकडे विहिरीत गुदमरलेल्या एकास काढावयास दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा, आणि तिघेही जातात, असे घडत नाही काय?

डॉ. आंबेडकरांनी कचेरीत बसून खाणींचा कारभार केला नाही. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद व झरियाकडे गेले, स्वतः शेकडो फूट खाली खाणीत उतरले, कोळसा कसा तोडतात हे पाहिले, मजुरांची घरे व दवाखाने पाहिले, त्यांच्या मजुरीविषयी विचारपूस केली. ज्यास एके काळी शाळेतील माठास हात लावू देत नसत, तो पुरुष राज्याचा अधिकारी होऊन काळ्या धुळीने माखलेल्या माणसांमध्ये उभा राहिला.

३१ जानेवारी १९४४ रोजी कोळसाखाण मजूर कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर कर बसवून त्यातून मजुरांसाठी घरे, पाणी, दवाखाने व शिक्षण यांची सोय करावी, अशी ती योजना होती. खाणीतील स्त्रियांच्या बाळंतपणाच्या कायद्यात त्यांनी सुधारणा केल्या. मजूर ठेकेदारामार्फत न घेता सरळ मिळावेत म्हणून सरकारी नोकरकेंद्रांचा पाया त्यांच्या कारकिर्दीत घातला गेला. १९४४ सालीच रेगे यांच्या अध्यक्षतेखाली मजुरांच्या स्थितीची चौकशी सुरू झाली. ठेकेदारी पद्धतीत मालक जबाबदारी झटकतो व ठेकेदार मजुराच्या घामातून आपला वाटा काढतो, हे त्या चौकशीने उघड्यावर आणले. १९४६ साली कारखान्यातील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले.

परंतु चरित्र लिहिणाराने सोयीचे तेवढेच सांगू नये. राजा दावीदाची कथा सांगताना पवित्र शास्त्रही तसे करीत नाही.

स्त्रियांनी जमिनीखाली काम करू नये, अशी बंदी बऱ्याच वर्षांच्या प्रयत्नाने १९३७ साली पूर्ण झाली होती. १९४३ साली, डॉ. आंबेडकर मजूर खात्यावर असतानाच, ती उठविण्यात आली. युद्धासाठी कोळसा हवा होता, आणि अधिक मजुरी मिळते म्हणून पुरुष खाणी सोडून लष्करी बांधकामांवर जात होते. बाई संगे असेल तर पुरुष टिकेल, असा हिशेब होता. स्त्रियांच्या संस्थांनी या गोष्टीचा निषेध केला. फेब्रुवारी १९४४ मध्ये विधिमंडळात यावर कडक वाद झाला आणि उत्तर डॉ. आंबेडकरांनाच द्यावे लागले. त्यांचे म्हणणे असे की, हा उपाय संकटकाळापुरता आहे, आणि खाली उतरणाऱ्या स्त्रीस पुरुषाइतकेच वेतन मिळेल अशी अट घातली आहे. हे तत्त्व मोठे होते यात शंका नाही. तथापि समान वेतनाने छत कोसळावयाचे थांबत नाही, आणि मूल वर ठेवून आई अंधारात उतरली हे खोटे होत नाही.

या गोष्टीविषयी आम्ही पुष्कळ विचार केला. आमच्या मते ही त्यांच्या कारकिर्दीतील दुःखाची बाजू होय. तिच्यावर पांघरूण घालू नये, आणि तिच्यावरून त्या पुरुषाचा न्यायही करू नये. फेब्रुवारी १९४६ मध्ये, ते अधिकारावर असतानाच, ती बंदी पुन्हा लागू झाली. कठडा एकदा बांधला म्हणजे तो कायमचा उभा राहत नाही. संकट आले की सर्वांत आधी दुबळ्याच्या बाजूचाच कठडा काढला जातो, हे या प्रसंगाने शिकावे.

पुढे ते स्वतंत्र भारताचे पहिले कायदेमंत्री व घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. त्या घटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली, आणि चोविसाव्या अनुच्छेदाने चौदा वर्षांखालील मुलास कारखान्यात, खाणीत अथवा कोणत्याही धोक्याच्या कामावर ठेवण्यास बंदी केली. खाणीचा उल्लेख देशाच्या मूळ कायद्यात नावानिशी आला. आमचे दोन्ही जिल्हे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्याच राज्यात सिंगरेणीच्या कोळसाखाणी होत्या. पण दिल्लीच्या मजूर खात्याचा अंमल तेथे चालत नव्हता. १९५२ च्या खाण कायद्याच्या छत्राखाली हाही मुलूख आला. मराठवाड्याविषयी त्यांना विशेष कळवळा होता. १९५० साली औरंगाबादेत त्यांनी महाविद्यालय काढले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्ध झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली व ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीस त्यांचे देहावसान झाले.

ते आमच्या मंडळीत आले नाहीत, याचे कारण आम्ही आमच्यातही शोधले पाहिजे. १९३८ साली सोलापुरास ख्रिस्ती लोकांच्या सभेत त्यांनी भाषण केले. प्रभू येशूविषयी त्यांनी आदर व्यक्त केला. परंतु ख्रिस्ती झालेला मनुष्य आपल्या मागे राहिलेल्या भावांवरील अन्यायाविरुद्ध उभा राहत नाही, अशा अर्थाचे स्पष्ट बोलही त्यांनी ऐकविले. ते बोल अजून आमच्या कानांत वाजावेत.

त्यांनी चालविलेले काम थांबले नाही, आणि धोकेही थांबले नाहीत. २७ डिसेंबर १९७५ रोजी चासनाला खाणीत पाणी शिरून ३७५ माणसे बुडाली. उलट नोव्हेंबर १९८९ मध्ये राणीगंज भागातील महाबीर खाणीत पाणी शिरले असता, अभियंते जसवंतसिंग गिल यांनी वरून भोक पाडून त्यातून लोखंडी पिंजरा खाली सोडविला, स्वतः त्यात बसून उतरले, व ६५ मजुरांस एकेक करून वर काढविले. शिक्षण व धैर्य एकत्र आले म्हणजे असे होते. १९७० साली ठेका मजुरांचा कायदा झाला. ठेकेदाराने मजुरी बुडविली तर ती मूळ मालकाने भरावी, असे तत्त्व त्यात घातले गेले. खाणींचा व ठेका मजुरांचा हे दोन्ही कायदे २०२० साली संसदेने एका नव्या संहितेत सामावून घेतले.

उपदेशक बंधूंनो, कोळशाची खाण आपल्या गावी नाही, म्हणून ही हकीकत दूरची समजू नका. दसरा झाला की कंधार, मुखेड, जळकोटकडील किती घरांस कुलुपे लागतात! मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायकोचा कोयता ऊसतोडीस जातो. दुसरे वीटभट्टीवर, तिसरे दगडखाणीवर किंवा विहिरीच्या सुरुंगकामावर जातात. त्या मुकादमामागे मालक कोण, उचलीचा कागद कोणाजवळ आहे, आजारी पडल्यास दवाखाना कोठे, सुरुंग लावताना माणसे किती अंतरावर उभी करतात, हे कोणी विचारतो काय? आपल्या मंडळीतून जे कुटुंब कामावर जाईल त्याच्यासाठी प्रार्थना करून निरोप द्या. त्याबरोबरच मुकादमाचे नाव, मालकाचे नाव, ठिकाण व ठरलेली रक्कम एका वहीत लिहून ठेवा. ज्यास लिहिता येते त्याच्यावर हे ऋण आहे. आणि मंडळीतच जर कोणी मुकादम असेल, तर धाब्याच्या कठड्याचा तो नियम त्याच्यापुढे वाचा. तो त्याच्यासाठीही लिहिला आहे.

ईयोबाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात खाण खोदणाऱ्या मनुष्याचे वर्णन आहे. लोकांच्या पायांस ज्यांचा विसर पडला अशा खोल जागी तो दोराने लोंबकळत असतो. मनुष्यांस त्याचा विसर पडला, तरी देवाला पडला नाही. म्हणून त्याचे वर्णन आपणास शास्त्रात वाचावयास मिळते. डॉ. आंबेडकरांसही त्याचा विसर पडला नाही. आपणासही न पडो.