पाण्यावर नजर ठेवणारा इंजिनीअर : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

दरवर्षी १५ सप्टेंबर आला की इंजिनीअरिंग कॉलेजात म्हैसुरी फेटा घातलेल्या एका करारी चेहऱ्याच्या फोटोला हार घातला जातो. भाषणं होतात, क्विझ होते आणि कुणीतरी दोन मेणबत्त्यांची गोष्ट हमखास सांगतो. १९६८ पासून हा दिवस 'अभियंता दिन' म्हणून पाळला जातोय. पण मित्रांनो, हा माणूस आपल्या पुण्यात शिकला, नाशिक-धुळ्यात त्याने नोकरी केली आणि आपण राहतो त्या भीमेच्या खोऱ्यातच त्याचं एक भन्नाट काम उभं राहिलं, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

ते काम एका साध्या प्रश्नाचं उत्तर होतं. पाण्याजवळ कुणी नसताना पाण्याची काळजी कोण घेणार?

हा प्रश्न होस्टेलवाल्यांना चांगलाच कळेल. रूमवर हौसेने फिशटँक आणला, चार गोल्डफिश सोडले, आणि मग दिवाळीची सुट्टी लागली. आपण गावी, मासे इथे! त्यात लाईट गेली की एअर पंप बंद. म्हणूनच प्रोजेक्टच्या यादीत 'मोबाइलवरून फिशटँकवर लक्ष ठेवणे' हा विषय दरवर्षी कुणी ना कुणी घेतोच. तो घेण्याआधी विश्वेश्वरय्यांचं आयुष्य एकदा वाचावं असं वाटतं.

१८५७ च्या उठावाला तीन-चार वर्षं उलटली होती, त्या काळात कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळी या छोट्या गावात विश्वेश्वरय्यांचा जन्म झाला. वडील संस्कृतचे पंडित, घरची परिस्थिती बेताची. त्यात वडील लवकर गेले. बंगलोरच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना खर्च भागवायला त्यांनी शिकवण्या घेतल्या आणि १८८१ मध्ये बी. ए. केलं. पुढे म्हैसूर सरकारची स्कॉलरशिप मिळाली आणि हा मुलगा पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाला. आपण ज्याला सीओईपी म्हणतो, तेच हे कॉलेज. १८८३ च्या परीक्षेत तो मुंबई इलाख्यात पहिला आला. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारच्या पी. डब्ल्यू. डी. मध्ये असिस्टंट इंजिनीअर म्हणून नोकरी मिळाली आणि पहिलं पोस्टिंग नाशिकला झालं.

नोकरीच्या सुरुवातीपासूनच पाणी त्यांच्या मागे लागलं. धुळ्याकडे पांझरा नदीच्या पात्रातून पाइपाचा सायफन टाकायचं काम आलं, तेही ऐन पावसाळ्यात. ते त्यांनी पार पाडलं. १८९० च्या दशकात सिंधमधल्या सक्कर शहराच्या पाणीपुरवठ्यावर त्यांना पाठवलं गेलं. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. सिंधू नदीचं पाणी गढूळ, आणि मोठे फिल्टर बांधायला नगरपालिकेकडे पैसा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणून घेतली. पात्रातल्या वाळूतून झिरपत येणारं पाणी आपोआप गाळून विहिरीत जमा व्हायला लागलं. म्हणजे नदीची वाळू हाच फिल्टर! फिशटँकच्या तळाशी खडीखाली जो फिल्टर बसवतात, त्याचं तत्त्व याहून फार वेगळं नाही.

यानंतर ते पुण्यात आले आणि खडकवासल्याचा प्रश्न समोर आला. मुठा नदीवरचं हे दगडी धरण १८७० च्या दशकात बांधलेलं. इंग्रज त्याच्या तलावाला 'लेक फाइफ' म्हणत. पुण्याला आणि लष्करी छावण्यांना पिण्याचं पाणी इथूनच जायचं आणि कालव्यांवर शेतीही भिजायची. अडचण अशी की पावसाळ्यात धरण भरलं की वरचं पाणी सांडव्यावरून वाहून जायचं. पुराच्या वेळी हे पाणी सांडव्याच्या सहा ते आठ फूट वर चढायचं. पूर ओसरला की तेवढं सगळं पाणी गेलेलं असायचं, आणि उन्हाळ्यात मात्र टंचाई.

यावर सरळ उपाय म्हणजे धरणाची उंची वाढवायची. पण त्याला खर्च मोठा. दुसरा उपाय म्हणजे सांडव्यावर दरवाजे बसवायचे. पण ते उघडणार कोण? रात्री दोन वाजता धो धो पाऊस पडतोय, नदी फुगलीय, अशा वेळी माणसाने धावत जाऊन एकेक दरवाजा उचलायचा? तो झोपला तर? आजारी पडला तर? दरवाजे बंद राहिले तर धरणाला धोका, आणि वेळेवर लावले नाहीत तर पाणी वाया.

विश्वेश्वरय्यांनी माणसाला यातून बाजूलाच काढलं. त्यांनी असे दरवाजे तयार केले की जे पाण्याच्या जोरावरच उघडतील आणि मिटतील. दरवाजाचा तोल जड वजनांनी साधलेला. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की ते बाजूच्या हौदात शिरतं, तिथे टांगलेल्या वजनाचा तोल बदलतो आणि दरवाजा उघडतो. पूर ओसरून पातळी खाली आली की तोल पुन्हा पहिल्यासारखा होतो आणि दरवाजा मिटतो. ना वीज, ना वायर, ना ऑपरेटर. १९०३ मध्ये हे दरवाजे खडकवासल्याला बसले. जुन्या सांडव्याच्या वर आठ फुटांपर्यंत पाणी धरून ठेवता आलं आणि तलावाचा साठा सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. या दरवाजांचं पेटंटही त्यांच्या नावावर झालं. पुढे ग्वाल्हेरजवळचं तिग्रा धरण आणि म्हैसूरचं कृष्णराजसागर इथेही असेच दरवाजे बसले.

कंट्रोल सिस्टीमच्या पेपरात आपण फीडबॅक लूपच्या आकृत्या घोकतो ना, तीच ही गोष्ट. पाण्याची पातळी मोजायची, ठरलेल्या पातळीशी ताडायची आणि फरक पडला की कृती करायची. इथे मोजणारं पाणी, ठरवणारं पाणी आणि ताकद लावणारंही पाणीच! घराच्या गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक हा याचाच धाकटा भाऊ. टाकी भरली की तो नळ बंद करतो, त्याला कुणाच्या मोबाइलवर मेसेज पाठवावा लागत नाही.

आता फिशटँककडे या. आपला प्रोजेक्ट बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरू होतो. आधी वायफायचं बोर्ड येतं, मग तापमानाचा सेन्सर, मग ॲप. गावी बसून स्क्रीनवर दिसतं की पाणी ३४ अंशांवर गेलंय आणि एअर पंप बंद आहे. मग पुढे काय? आपण दोनशे किलोमीटरवर, आणि रूमला कुलूप. नुसतं कळून मासा वाचत नाही. शिवाय लाईट गेली की बऱ्याचदा राऊटरही बंद, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच मेसेज येत नाही.

म्हणून विश्वेश्वरय्यांचा क्रम लक्षात ठेवायचा. आधी टाकी स्वतःला सांभाळेल अशी करायची. पाणी वाफ होऊन कमी झालं तर छोट्या फ्लोट व्हॉल्व्हने वरच्या बाटलीतून हळूहळू भर पडावी. हीटर असेल तर थर्मोस्टॅटचाच असावा. एअर पंपाला बॅटरीचा आधार असावा. टाकीत मासे दाटीवाटीने भरू नयेत. आणि खाणं? धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी राहिला तरी सहसा काही होत नाही. उलट शेजारच्या रूममधला मित्र प्रेमापोटी मूठभर खाणं टाकतो, ते तळाशी कुजतं, अमोनिया वाढतो आणि मासे त्याने मरतात. एवढं सगळं झाल्यावर सेन्सर आणि मोबाइल. त्यांचं काम सांभाळण्याचं नाही, हाक मारण्याचं.

विश्वेश्वरय्या खडकवासल्यावर थांबले नाहीत. नीरा कालव्यावर त्यांनी 'ब्लॉक पद्धत' आणली. एकाच भागाने सगळं पाणी उसाला ओढून न्यायचं नाही, तर कालव्याखालच्या गावांमध्ये ब्लॉक पाडून पाळीपाळीने पाणी वाटायचं. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला यातलं भांडण वेगळं समजावून सांगायला नको! १९०६ मध्ये एडनच्या पाणीपुरवठ्याची आणि सांडपाण्याची योजना त्यांनी केली. १९०८ मध्ये मुंबई सरकारची नोकरी सोडली. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबादला मुसी नदीच्या पुराने हजारो बळी घेतले. निजामाने त्यांना बोलावून घेतलं. शहराच्या वर पाणी अडवण्याची त्यांची योजना पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर या तलावांच्या रूपाने उभी राहिली.

१९०९ मध्ये ते म्हैसूरचे चीफ इंजिनीअर झाले आणि १९१२ मध्ये दिवाण. कृष्णराजसागर धरण, म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, बंगलोरचं इंजिनीअरिंग कॉलेज ही सगळी त्याच काळातली कामं. १९१८ मध्ये त्यांनी दिवाणपद सोडलं. मागासलेल्या समाजांना नोकऱ्यांत राखीव जागा देण्याचं महाराजांचं धोरण त्यांना पटलं नव्हतं. पुढच्या काळाने त्या प्रश्नावर कौल महाराजांच्या बाजूने दिला, हेही इथे लिहायला हवं. थोर माणसाचं प्रत्येक मत थोर असतंच असं नाही. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं.

आणि मग १२ जुलै १९६१ उजाडला. विश्वेश्वरय्या तेव्हा शंभरीच्या घरात होते. खडकवासल्याच्या वरच्या बाजूला पानशेतचं नवं मातीचं धरण अजून पूर्ण व्हायचं होतं. त्याला धोका असल्याचं आदल्या दिवशी लक्षात आलं, लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, पण सकाळी धरण फुटलं. ते सगळं पाणी खडकवासल्यावर येऊन आदळलं आणि दुपारपर्यंत खडकवासलाही फुटलं. पुण्याचा नदीकाठ पाण्याखाली गेला. जवानांच्या त्या रात्रीमुळे निदान पूर दिवसाउजेडी आला, नाहीतर झोपेतल्या माणसांचे किती बळी गेले असते, याची कल्पनाही करवत नाही.

यात १९०३ च्या दरवाजांना दोष देता येत नाही. ते पावसाच्या पुरासाठी बनवलेले होते, वरचं अख्खं धरण अंगावर येण्यासाठी नव्हे. पण इंजिनीअरने धडा घ्यायचा तो इथेच. प्रत्येक ऑटोमॅटिक यंत्राला एक मर्यादा आखलेली असते. त्या मर्यादेच्या आत ते माणसापेक्षा चोख काम करतं. मर्यादेपलीकडे गेलं की माणूस लागतो. तो जवळ असावा लागतो आणि त्याला वेळेवर कळावं लागतं.

आज पावसाळ्यात खडकवासल्यातून किती क्युसेकने पाणी सोडलं, याची बातमी मोबाइलवर येते. ते पाणी मुठेतून मुळा-मुठेत, तिथून भीमेत आणि दौंडवरून पुढे आपल्या श्रीगोंदा तालुक्याच्या कडेने जातं. नदीकाठचा शेतकरी तो आकडा ऐकून मोटार वर काढून घेतो. आकडा धरणावरचा, पण हात इथला. एवढं जुळलं तर लांबून ठेवलेली नजर उपयोगी.

एप्रिल १९६२ मध्ये बंगलोरला विश्वेश्वरय्यांचं निधन झालं. पाण्याशी सुरू झालेला त्यांचा संसार जवळजवळ ऐंशी वर्षांचा.

तेव्हा मित्रांनो, फिशटँकचा प्रोजेक्ट जरूर करा. पण ॲपचा रंग ठरवण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून काढा : लाईट आणि नेट दोन्ही नसताना माझी टाकी किती तास तग धरेल, आणि त्यानंतरचा मेसेज कुणाकडे जाईल? तो मेसेज सुट्टीतही कॅम्पसवर असणाऱ्या वॉचमन काकांना जाऊ द्या, आणि रूमची एक चावीही त्यांच्याकडे द्या. व्हायवाला सर हेच विचारतील. आणि मासे तर विचारायलाही थांबणार नाहीत!