बोरघाटात रेल्वे चढवणारे बर्कली साहेब. पहिली गाडी बघायचं मात्र राहून गेलं

कर्जत : पावसाळ्यात कर्जतच्या पुढं गाडी निघाली की डब्यातली सगळी माणसं खिडकीकडं सरकतात. धबधबे, खाली खोल दरी, बोगद्यामागून बोगदा आणि मागून जोर लावणारी जादा इंजिनं. मोबाईलवर व्हिडिओ सगळेच काढतात, पण या घाटात रेल्वेचा मार्ग कुणी आखला हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यांचं नाव जेम्स जॉन बर्कली.

बर्कली यांचा जन्म 21 ऑक्टोबर 1819 रोजी लंडनमध्ये झाला. तरुणपणी ते रॉबर्ट स्टीफन्सन या नामांकित रेल्वे इंजिनिअरच्या हाताखाली तयार झाले. पुढं ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जीआयपी रेल्वे कंपनीनं त्यांना मुख्य इंजिनिअर नेमलं. 1850 च्या सुरुवातीला ते मुंबईत उतरले, तेव्हा वय अवघं तीस.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी धावली. ती लाईन बर्कली यांच्याच देखरेखीखाली झाली. पण ते काम सपाटीवरचं होतं. खरी अडचण सह्याद्रीची. देशावरचा कापूस आणि धान्य मुंबई बंदरात आणायचं तर घाट ओलांडल्याशिवाय इलाज नव्हता. त्यासाठी दोन वाटा ठरल्या. नाशिककडं जाणारा थळघाट आणि पुण्याकडं जाणारा आपला बोरघाट.

37 फुटांमागे एक फूट चढ

बर्कली आणि त्यांच्या माणसांनी डोंगरात कित्येक महिने फिरून मोजणी केली. शेवटी जो मार्ग पक्का झाला, तो जवळपास 16 मैलांत 1,831 फूट चढत होता. सर्वांत अवघड जागी 37 फूट पुढं गेलं की एक फूट वर. बैलगाडीला हा चढ काहीच नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरतं, म्हणून रेल्वेला तो फार. शिवाय 25 बोगदे आणि 8 मोठे कमानी पूल. एका ठिकाणी तर गाडी वळवायलाच जागा नव्हती. तिथं गाडी थांबवायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट दिशेनं पुढचा चढ चढायचा, अशी युक्ती काढली.

1856 मध्ये काम सुरू झालं. तेव्हा डायनामाइट नव्हतं. हातानं पहारीनं भोकं पाडायची, त्यात बंदुकीची दारू ठासायची आणि कातळ फोडायचा. कड्यावर उभं राहायला जागा नसेल तिथं मजुरांना दोरानं खाली सोडायचे. 1858 मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण मधला घाट प्रवाशांना पालखी, तट्टू नाहीतर गाडीनंच पार करावा लागे.

मजुरांचा घाम, मजुरांचा जीव

1859 मध्ये मजुरी वेळेवर मिळेना म्हणून मजूर खवळले आणि मोठी मारामारी झाली. पहिल्या ठेकेदारानं काम सोडलं. नंतर आलेले सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत आजारानं वारले. तेव्हा त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी ठेका हातात घेतला आणि इंजिनिअर नेमून काम तडीस नेलं.

1861 मध्ये घाटात 42 हजारांच्या आसपास माणसं राबत होती. पटकी, ताप, दरडी आणि सुरुंग यांनी त्यातली हजारो गेली. काही अभ्यासक हा आकडा 25 हजारांपर्यंत नेतात. त्यांची नावं कुठल्या दगडावर नाहीत.

या कष्टांतून बर्कलीही सुटले नाहीत. तब्येत पार ढासळली, म्हणून 1861 मध्ये त्यांना इंग्लंडला परतावं लागलं. 25 ऑगस्ट 1862 रोजी ते वारले. वय फक्त 42. त्यानंतर आठ महिन्यांनी, 21 एप्रिल 1863 रोजी, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते बोरघाटाचं उद्घाटन झालं आणि मुंबई-पुणे सलग रेल्वे सुरू झाली. थळघाटाची लाईन 1865 मध्ये सुरू झाली. दोन्ही घाट बर्कली यांनीच आखलेले, पण दोन्हींपैकी एकातूनही धावणारी गाडी त्यांना बघायला मिळाली नाही.

आपल्या भागात जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट साहेबाला शिंग्रोबा धनगरानं दाखवली आणि त्याच साहेबानं त्याचा जीव घेतला, अशी लोककथा घरोघरी सांगतात. कागदपत्रांत बर्कलींचं नाव आहे आणि लोकांच्या तोंडी शिंग्रोबाचं. मजुरांचं नाव दोन्हीकडं नाही. पुढच्या वेळी गाडी बोगद्यात शिरली की व्हिडिओ काढताना भिंतीकडंही बघा. तो कातळ याच माणसांनी फोडलेला आहे.