लाल मण्यांच्या झुडपांचा शोधयात्री

पाने गळून गेल्यावर युरोपातील बागा ओक्याबोक्या दिसू लागतात. फुलांचा हंगाम संपलेला असतो, आकाश राखाडी असते आणि वसंताला अजून चार महिने अवकाश असतो. नेमक्या त्या दिवसांत काही झुडपे लालचुटुक, पोवळ्यासारख्या, क्वचित निळ्या फळांच्या घोसांनी लगडून जातात. या झुडपांपैकी कितीतरी जाती मूळच्या पश्चिम चीनच्या डोंगरदऱ्यांतल्या. त्या पाश्चात्त्य बागांत आणण्याचे श्रेय ज्यांना जाते, त्यांत अर्नेस्ट हेन्री विल्सन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

विल्सन यांचा जन्म १५ फेब्रुवारी १८७६ रोजी इंग्लंडमधील चिपिंग कॅम्डेन या गावी झाला. शाळा लवकर सुटली आणि मुलगा रोपवाटिकेत उमेदवारी करू लागला. पुढे बर्मिंगहॅमच्या वनस्पती उद्यानात दिवसा काम आणि संध्याकाळी तंत्रविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे वर्ग असा क्रम चालला. १८९७ मध्ये त्यांना लंडनजवळच्या क्यू उद्यानात प्रवेश मिळाला. ते वनस्पतिशास्त्राचे अध्यापक झाले असते. पण दोनच वर्षांत जेम्स व्हीच आणि सन्स या नामांकित रोपवाटिकेला चीनला पाठविण्यासाठी एक तरुण हवा होता आणि क्यूच्या संचालकांनी विल्सन यांचे नाव सुचविले.

कामगिरी एकाच झाडाची होती. फांद्यांवर पांढरे रुमाल वाळत घातल्यासारखे दिसणारे डेव्हिडिया नावाचे झाड शोधायचे, त्याचे बी आणायचे आणि इतरत्र वेळ घालवायचा नाही. चीनमधील लावण्याजोगे बहुतेक सारे आधीच आलेले आहे, असा व्हीच मंडळींचा समज होता. हा समज किती चुकीचा होता हे पुढच्या बारा वर्षांत सिद्ध झाले.

१८९९ मध्ये विल्सन अमेरिकामार्गे निघाले. बोस्टनच्या अर्नोल्ड वृक्षोद्यानात चार्ल्स सार्जंट यांची भेट झाली, ती पुढे आयुष्याला वळण देणारी ठरली. चिनी भाषेचा गंध नसलेला हा तरुण युनानमधील सिमाओ येथे जाऊन ऑगस्टिन हेन्री यांना भेटला. चीनच्या सीमाशुल्क खात्यात नोकरी करणाऱ्या हेन्री यांनी १८८८ मध्ये डेव्हिडियाचे एक झाड पाहिले होते. त्यांनी वहीच्या अर्ध्या पानावर नकाशा काढून दिला. त्या अर्ध्या पानात सुमारे २० हजार चौरस मैलांचा मुलूख होता! एप्रिल १९०० मध्ये विल्सन त्या जागी पोहोचले तेव्हा झाड तोडले गेले होते; शेजारी नवे घर उभे होते आणि बुंध्याचा खुंट तेवढा उरला होता. इतक्या प्रवासानंतरची ही निराशा दुसऱ्या कोणाला परत फिरवणारी ठरली असती. विल्सन मात्र शोधत राहिले आणि मे महिन्यात त्यांना दुसऱ्या ठिकाणी फुललेले डेव्हिडिया सापडले.

या पहिल्याच फेरीत त्यांनी मालकांच्या सूचनेपलीकडे जाऊन इतर वनस्पतींचेही बी जमविले. जमिनीलगत सतरंजीसारखे पसरणारे कोटोनीॲस्टर डॅमेरी, काटेरी पानांची आयलेक्स पर्नी ही हॉली, सुरकुतल्या पानांचे व्हायबर्नम ही सारी १९०० च्या सुमारास इंग्लंडला पोहोचली.

फळझुडपांचे बी मिळवणे हे फुले पाहण्याइतके सोपे नसते. वसंतात फुललेले झुडूप हेरून ठेवायचे, त्याची जागा टिपून घ्यायची आणि शरदात पुन्हा त्याच दरीत, त्याच कड्याशी परतायचे. फळ कच्चे असेल तर बी रुजत नाही. पिकायला थोडा उशीर केला तर पक्षी आधी पोहोचतात. मग गर काढून बी धुवायचे, वाळवायचे आणि बंदिस्त करून हजारो मैलांवर पाठवायचे. यीचांग परिसरातील शेतकऱ्यांना विल्सन यांनी या कामात तयार केले आणि तीच माणसे फेरीमागून फेरी त्यांच्या सोबत राहिली. विल्सन यांच्या नावे जमा असलेल्या यशात या माणसांचा वाटा मोठा आहे. इतिहासाने त्यांची नावे फारशी नोंदली नाहीत.

१९०२ मध्ये परतल्यावर जून महिन्यात विल्सन यांचा हेलन गँडरटन यांच्याशी विवाह झाला. सहा महिनेही पुरते संसारात गेले नाहीत, तोच जानेवारी १९०३ मध्ये ते पुन्हा चीनला निघाले आणि १९०५ पर्यंत परतले नाहीत. याच फेरीत सिचुआनच्या डोंगरात त्यांना दारुहळदीच्या प्रजातीतले एक बुटके, काटेरी झुडूप मिळाले. शरदात त्याची पाने तांबडी होतात आणि अर्धपारदर्शक, पोवळ्याच्या रंगाची फळे फांदीफांदीवर दाटतात. क्यूच्या हेम्सले यांनी १९०६ मध्ये त्याला बर्बेरिस विल्सनी हे नाव दिले. हे नाव अर्नेस्ट यांचे नव्हे, घरी वाट पाहणाऱ्या हेलन यांचे आहे. पतीच्या दीर्घ अनुपस्थितीची ही भरपाई म्हणावी का, हे ज्याने त्याने ठरवावे.

गुळगुळीत निळ्या फळांचे व्हायबर्नम डेव्हिडी हेही १९०४ चे. ते एकटेच लावणाऱ्याची बहुधा निराशा होते, कारण परपरागीकरणाशिवाय फळ धरत नाही. म्हणून जाणकार माळी दोन-तीन झुडपे शेजारी लावतात. हॉलीत तर नर आणि मादी झाडे वेगळीच असतात. पायरकँथाची मागील वर्षीची फांदी छाटली की पुढची फळे गेलीच. आपल्याकडच्या उष्ण हवेत ही मंडळी रमत नाहीत. पुण्या-मुंबईच्या कुंपणांवर दुरांताच्या पिवळ्या घोसांवरच समाधान मानावे लागते.

१९०७ पासून विल्सन अर्नोल्ड वृक्षोद्यानासाठी काम करू लागले. सप्टेंबर १९१० मध्ये मिन नदीच्या खोऱ्यातून परतताना दरड कोसळली. पालखी दरीत गेली आणि पळणाऱ्या विल्सन यांच्या उजव्या पायावर दगड आदळून हाड दोन ठिकाणी मोडले. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याच्या काठ्या बांधून पाय आवळला गेला. तेवढ्यात समोरून खेचरांचा तांडा आला. वाट इतकी अरुंद की वळायला जागा नाही आणि थांबावे तर वरून पुन्हा दगड येण्याची भीती. विल्सन आडवे पडून राहिले आणि सुमारे पन्नास खेचरे एकामागून एक त्यांच्या अंगावरून ओलांडून गेली. एकाचाही खूर लागला नाही. चेंगडूला पोहोचायला तीन दिवस लागले. पायात विष भिनू लागले होते, तो कापावा लागेल अशी वेळ आली होती. अखेर पाय वाचला, पण आखूड झाला. ज्या लिलीचे कंद आणण्यासाठी ही फेरी होती, ते कंद मात्र सुखरूप अमेरिकेला पोहोचले.

चीनला ते पुन्हा मोहिमेवर गेले नाहीत. १९१४ च्या जपानच्या प्रवासात पत्नी आणि कन्या म्युरियल सोबत होत्या. नंतर कोरिया, तैवान झाले. १९२० ते १९२२ या काळातील दौऱ्यात भारतही होता. त्यांनी पाश्चात्त्य बागांना दिलेल्या वनस्पतींची संख्या हजाराच्या घरात जाते. या देणगीला दुसरी बाजूही आहे. पक्ष्यांनी बी पसरवलेली कोटोनीॲस्टर बागांबाहेर पडून ब्रिटनच्या चुनखडीच्या टेकड्यांवर माजली. २०१० मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यांच्या पाच जाती रानात लावण्यास कायद्याने मनाई झाली. त्या साऱ्या विल्सन यांनी आणलेल्या नव्हत्या. हिमालयातून गेलेल्या जातीही त्यांत आहेत. पण ज्या फळासाठी झुडूप लावायचे तेच फळ रानाला भारी पडते, हा पेच त्यांच्या काळात कोणाच्या ध्यानी आला नव्हता.

सार्जंट यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये विल्सन अर्नोल्ड वृक्षोद्यानाचे प्रमुख झाले. १५ ऑक्टोबर १९३० रोजी कन्येला भेटून पती-पत्नी मोटारीने बोस्टनकडे परतत होते. मॅसेच्युसेट्समधील वूस्टरजवळ रस्त्यावर गळलेल्या ओल्या पानांवरून गाडी घसरली आणि उतारावरून खाली कोसळली. दोघेही दगावले. विल्सन अखेरपर्यंत ब्रिटिश नागरिक होते. म्हणून दोघांचे दफन ब्रिटिश साम्राज्याच्या भूमीत, कॅनडातील माँट्रियल येथे करण्यात आले.