संशोधनासाठी झोळी पसरणारे डॉ. महेंद्रलाल सरकार

वैद्यकीय संशोधनासाठी निधी जमवण्याकरिता आज कोणी गिरिशिखर सर करतो, तर कोणी मॅरेथॉनमध्ये धावतो. लोकवर्गणीतून संशोधन उभे करण्याची ही कल्पना भारताला नवी नाही. एकोणिसाव्या शतकातील कोलकात्यात डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी याच कार्यासाठी आयुष्याची तीसहून अधिक वर्षे वेचली.

महेंद्रलाल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८३३ रोजी हावडा जिल्ह्यातील पाइकपाडा या गावी झाला. बालपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्याने कोलकात्यात मामांनी त्यांचा सांभाळ केला. हिंदू कॉलेज व त्यानंतर कलकत्ता मेडिकल कॉलेज येथे शिक्षण घेऊन १८६३ मध्ये त्यांनी एम. डी. ही पदवी मिळवली. कलकत्ता विद्यापीठाची ही पदवी संपादन करणारे ते दुसरे डॉक्टर होत.

प्रारंभी होमिओपॅथीचे कठोर टीकाकार असलेल्या महेंद्रलाल यांचे मत अभ्यास व निरीक्षणाअंती बदलले. १८६७ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या बंगाल शाखेच्या सभेत त्यांनी ते जाहीरपणे मांडले. परिणामी सहकाऱ्यांनी त्यांना वाळीत टाकले आणि व्यवसायावरही संकट आले. तथापि ते डगमगले नाहीत. १८६८ मध्ये त्यांनी स्वतःचे वैद्यकविषयक नियतकालिक सुरू केले. पुढे श्रीरामकृष्ण परमहंसांच्या अखेरच्या आजारात त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर ते हेच.

मूलभूत विज्ञानाच्या पायाशिवाय वैद्यकाची प्रगती होणार नाही, अशी त्यांची धारणा होती. भारतीयांनी चालवलेली, भारतीयांच्या पैशावर उभी असलेली आणि सरकारी नियंत्रणापासून मुक्त अशी संशोधन संस्था त्यांना हवी होती. १८६९ मध्ये त्यांनी आपल्या नियतकालिकातून ही कल्पना मांडली आणि १८७० च्या आरंभी देणग्यांसाठी जाहीर आवाहन केले. उत्तरपाडा येथील जमीनदार जयकृष्ण मुखर्जी यांनी १,००० रुपये देऊन प्रारंभ केला. परंतु पुरेसा निधी जमण्यास अनेक वर्षे लागली. त्यातच, देशाला शुद्ध विज्ञानापेक्षा तंत्रशिक्षणाची गरज अधिक आहे, असा आक्षेप इंडियन लीग या संघटनेने घेतला. मात्र सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर लाफों महेंद्रलाल यांच्या पाठीशी उभे राहिले. बंगालचे तत्कालीन लेफ्टनंट गव्हर्नर आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले सर रिचर्ड टेंपल यांचाही पाठिंबा मिळाला. अखेर २९ जुलै १८७६ रोजी बऊबाजार स्ट्रीटवर 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' ही संस्था स्थापन झाली.

संस्थेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आदी विषयांवर व्याख्याने होऊ लागली. जगदीशचंद्र बोस व आशुतोष मुखर्जी यांनीही तेथे अध्यापन केले. विजयनगरमच्या महाराजांच्या देणगीतून प्रयोगशाळा उभी राहिली. मात्र केवळ संशोधनाला वाहून घेणाऱ्या वेतनधारी प्राध्यापकांची पदे निर्माण करावीत, हे महेंद्रलाल यांचे स्वप्न अपुरेच राहिले. इमारतीसाठी व उपकरणांसाठी दाते पुढे आले, माणसांसाठी आले नाहीत. आपण अयशस्वी ठरलो, ही खंत उराशी बाळगूनच २३ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १९०७ मध्ये, वित्त विभागातील एका तरुण अधिकाऱ्याचे लक्ष बऊबाजारमधील या संस्थेच्या फलकाकडे गेले. ते चंद्रशेखर व्यंकट रामन होते. महेंद्रलाल यांचे पुत्र अमृतलाल यांनी त्यांना संस्थेची दारे खुली करून दिली. कार्यालयीन कामाच्या आधी व नंतर रामन तेथे प्रयोग करीत. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी याच वास्तूत 'रामन परिणामा'चा शोध लागला आणि १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हाच दिवस देशभर राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. या शोधावर आधारित तंत्राचा उपयोग आज कर्करोगग्रस्त ऊतींच्या अभ्यासातही केला जातो.

१९३३ मध्ये संस्थेत महेंद्रलाल सरकार यांच्या नावाने संशोधन प्राध्यापकपद अस्तित्वात आले आणि रामन यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांची त्यावर नियुक्ती झाली. ज्या पदासाठी महेंद्रलाल यांनी अखेरपर्यंत झोळी पसरली, ते त्यांच्या निधनानंतर २९ वर्षांनी त्यांच्याच नावाने निर्माण झाले.